हिमांशुची गाडी

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस, मेसेज केला तर अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेऊन बसले. काल दुपारी मिलवर धानाचे ट्रॅक्टर उतरत होते, तेवढ्यात फाटकाशी एक ट्रेलर येऊन थांबला. रायपूरचा ईश्वरदास नावाचा माणूस, जुन्या मोठ्या गाड्या वरातीसाठी भाड्याने देतो. म्हणाला, हिमांशु साहब से बात हो गई है, गाडी ले जाने आया हूँ. मला वाटलं, पत्ता चुकला असेल. तर त्यानं मोबाईलवर तुझी जाहिरात दाखवली. आपली लांबलचक काळी गाडी, बाबा असतानाचा जुना फोटो, आणि खाली तुझे शब्द : मालकाने स्वतः जिवापाड सांभाळलेली.

स्वतः! वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दादा, त्या गाडीचं पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते तरी आठवतं का तुला? ईश्वरदासला मी चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. त्यानं तुला लगेच फोन लावला असणार, कारण संध्याकाळी तुझा मेसेज आला : रेणू, भावनेत वाहू नकोस, आईसाठी टॅक्सी लाव, पैसे मी पाठवतो. आईला डायलिसिससाठी गोंदियाला याच गाडीतून नेते हे तुला ठाऊक आहे आणि तरी तू हे लिहू शकलास, म्हणून आता सगळं नीट ऐकून घे.

तुला पुण्याला नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी नागपूरच्या एका ठेकेदाराकडून ही गाडी घेतली. जुनी असली तरी जर्मन, आणि अर्जुनीपासून नवेगावपर्यंत तेव्हा तशी दुसरी नव्हती. अख्खं गाव बघायला लोटलं होतं. नारळ फुटला, आईनं बॉनेटवर कुंकू लावलं, आणि कागद झाले तुझ्या नावावर. मिल मी बघत होते, ट्रॅक्टरवर गाडी शिकले होते, आपल्या इथल्या प्रतापगडच्या जत्रेला सगळ्यांना मीच न्यायची. पण माझं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. मला त्याचा राग नाही असं मी आजवर सांगत आले. आहे. भरपूर आहे.

बाबा गेल्यावर तू म्हणालास, हा पांढरा हत्ती कशाला पोसतेस. हत्ती बरा, तो निदान रोज नव्या जागी दुखत नाही. या गाडीच्या चाकांवर स्प्रिंगा नाहीत, रबराचे हवेचे फुगे आहेत, आणि ते म्हातारे झालेत. संध्याकाळी सरळ उभी केलेली गाडी सकाळी उजव्या अंगावर बसलेली असते, म्हशीसारखी. कंपनीच्या शोरूमवाल्यानं सांगितलं, मॅडम, पूरा सेट बदलना पडेगा, और पार्ट आएगा बाहर से. मी दिल्लीहून जुना फुगा मागवला, नागपूरला बसवून घेतला, मग डावा गेला. हवा भरायचा पंप जळाला. मिलच्या शेडमध्ये उभी, म्हणून कोंड्याची धूळ प्रत्येक जाळीत जाऊन बसते. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, तेव्हा इंडिकेटर दिला की वायपर चालायचे. पासिंगच्या वेळी तुझी सही कुरियरनं पाठवायला इतका उशीर केलास की आरटीओतला बाबू मला म्हणाला, ताई, भाई से झगडा है क्या? मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

आपण कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी माणसं. बाबा नेहमी म्हणायचे, तलाव बांधणारा एकदाच घाम गाळतो, खरा तलाव असतो तो दरसाल त्याच्या पाळीवर, बांधावर, माती टाकणाऱ्याचा. तू ते ऐकलंस आणि पुण्याला फ्लॅट बांधलास. मी माती टाकत राहिले.

आता आईचं. किडनी गेल्याचं कळलं तेव्हा पहिल्या खेपेला मी तिला जागेश्वरकाकाच्या जीपमधून नेलं. वाटेवरच्या कोहमाऱ्यापर्यंतच तिचा जीव अर्धा झाला. परत आल्यावर खाटेवर पडली आणि म्हणाली, मी नाई जात आता. मरू दे मले घरीच. मी रडले, काकानं समजावलं, डॉक्टरांनी फोनवर समजावलं, तुझ्याशीही बोलणं करून दिलं होतं, आठवत असेल तर. ती भिंतीकडे तोंड करून राहिली. पुढच्या वेळी मी शेडमधून गाडी काढली, कारण तिच्या पाठीला दुसरी कोणतीच गाडी सोसणार नव्हती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईनं खिडकीतून पाहिलं आणि उठून बसली. मले लुगडं दे चांगलं, हिमांशुनं गाडी पाठवली.

मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं म्हणशील. पण ती उठली होती ना रे. स्वतःच्या पायानं अंगण ओलांडून मागच्या सीटवर जाऊन बसली होती. मी स्टिअरिंग धरलं. तेव्हापासून मी तुझी ड्रायव्हर आहे. वॉर्डात शेजारच्या खाटेवर आमगावच्या देवकाबाई असतात, त्यांना आई दर खेपेला सांगते, माह्या पोरानं माह्यासाठी गाडी ठेवली हाये, पुण्यात राहते पण लक्ष इकडंच. देवकाबाई माझ्याकडे बघून हसतात आणि विचारतात, अन् ही कोण? आई म्हणते, ही पोरगी, ही असतेच. मी त्या वेळी पाणी आणायला जाते.

मागच्या पोळ्याला काय झालं ते तुला कळवलंच नाही. आता घरी बैल नाहीत, पण सण आईच्या अंगातून गेलेला नाही. मी भंडाऱ्याला गेले होते. तिनं उदारामला बोलावलं आणि सांगितलं, बैल नाई तर नाई, माह्या हिमांशुची गाडी धुऊन आण तलावावर. आणि आपल्या उदारामनं, बाबांच्या वेळेपासूनचा गडी तो, बैल नेतात तशी गाडी उतारावरून पाण्यात नेली, चाकं बुडेपर्यंत. घासूनपुसून, झेंडूची माळ घालून, बेगड लावून परत आणली. या गाडीचा मेंदू म्हणजे सगळी इलेक्ट्रॉनिक पेटी पुढच्या गालिच्याखाली असते, हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी गाडी चालू होईना. मी ओरडले तर म्हणाला, बाई, पोटापर्यंतच नेली होती, नाकात पानी नाई जाऊ देल्लं. मला हसूही आलं आणि त्याला बदडावंसंही वाटलं.

गाडी ओढून नागपूरला न्यावी लागली, आणि पेटी सुकवून दुरुस्त व्हायला बरेच दिवस लागले. मी गोंदियाजवळच्या कुडव्याहून चांगली एसी टॅक्सी मागवली, तू म्हणतोस तशीच. आईनं दार लावून घेतलं. हिमांशुची गाडी येईन तवा जाईन. ती टॅक्सी परत गेली, दुसरी परत गेली. तिचे पाय सुजले, मग चेहरा सुजला, मग श्वास लागायला लागला. मी नागपूरला जाऊन त्या गॅरेजवाल्यापुढे अक्षरशः हात जोडले, धोक्याचे सगळे दिवे लागलेली गाडी तशीच चालवत आणली आणि तिला गोंदियाला पोचवलं. डॉक्टर म्हणाले, उद्या आणलं असतं तर उशीर झाला असता. तुला मी व्हायरल ताप सांगितला. खरं न सांगण्याची शपथ आईनंच घातली होती. तुला कामात त्रास नको म्हणून.

तर दादा, मला तुझी टॅक्सी नको आणि भावनाही शिकवू नकोस. ईश्वरदास सोमवारी संध्याकाळी पुन्हा येतोय, या वेळी तुझ्या सहीचे कागद घेऊन. गाडी तुझी आहे, मी ती लपवणार नाही, आणि जाताना अडवणारही नाही. सोमवार डायलिसिसचा वार आहे. तू रविवारी ये. सकाळी स्टिअरिंगवर तू बस, मी मिलवर जाईन. नवेगावच्या वळणावर हळू घे, तिची कंबर दुखते. वॉर्डात ती मशीनला असेल तेव्हा शेजारच्या स्टुलावर बस. ती देवकाबाईंना सांगेल की हाच तो, हाच माहा पोरगा, यानंच गाडी ठेवली हाये. ते सगळं ऐकून घे. आणि मग परत येताना, तू स्वतः, तिला सांग की गाडी विकलीस. मी आजवर तुझ्या वाटणीचं सगळं बोलले, पण एवढं एक मी बोलणार नाही. तुझ्या येण्याबद्दल आईला अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती आजपासूनच दारात बसेल.

एवढं होऊनही, तुझीच,
रेणू