हिवाळ्यातली बादली, तिची ऊब आणि माझी उरलेली मिळकत

मी, वाल्मीक पुंजाराम कातकाडे, वय वर्षे ७१, शीतगृहातून निवृत्त, राहणार जेलरोड, नाशिक, हा लेख राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवीत आहे. डोक्याबद्दल वकीलसाहेबांनी दोनदा विचारले, कारण पुढचा मजकूर त्यांनी आधी वाचला होता. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. काल सकाळपासून मी चहाशिवाय काहीही घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. नंतर केले, तर ते खरे मानावे.

कलम १. जेलरोडचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते पत्नी चतुराबाई हिच्या मालकीचे राहील. तिच्यानंतर मुलगा हर्षल आणि मुलगी निकिता यांना निम्मे-निम्मे. निकिताला वरचा मजला हवा आहे, हे मला माहीत आहे. हर्षलला नको आहे, हेही माहीत आहे. तेव्हा भांडण होऊ नये.

कलम २. बँकेतील सर्व ठेवी चतुराबाईच्या. त्यांतून तिने आधी गुडघ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे. मी असताना ती ऐकत नाही, निदान मी गेल्यावर तरी ऐकावे.

कलम ३. आता बादली. तीस लिटरची, पांढरी, घट्ट झाकणाची. झाकणातून एक नळी निघते आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडते. या बादलीत मी घरी बिअर करतो. वकीलसाहेबांच्या मते हा शब्द मृत्युपत्रात नसावा. एकदा लिहिला, आता पुढे ‘माल’ म्हणतो. शीतगृहात द्राक्षालाही आम्ही मालच म्हणायचो.

ही बादली मूळची हर्षलची. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत तो पुण्याहून सगळे साहित्य घेऊन आला. जवाचे माल्ट उकळले, कडवटपणासाठी हॉप्सची सुकी फुले टाकली, गार करून यीस्ट सोडले आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेला. जाताना म्हणाला, “पप्पा, अठरा ते वीस डिग्री राहिलं पाहिजे, बस.” बस! चौतीस वर्षे मी पिंपळगाव बसवंतला अमोनियाचे प्लांट चालवले. बाहेर बेचाळीस असताना आत द्राक्षे शून्यावर ठेवली, एक घड सडू दिला नाही. गार कसे करायचे ते मला झोपेतही विचारा. गरम कसे ठेवायचे, हे मला आयुष्यात कोणी विचारले नव्हते.

त्या डिसेंबरात नाशिकला पहाटे सात डिग्री झाले. बादलीत अकरा. चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. मला वाटले, माल तयार झाला. तो तयार झाला नव्हता, गारठून झोपी गेला होता. मी तो बाटल्यांत भरला, वर साखर घातली, बुचे ठोकली आणि बाटल्या जिन्याखाली ठेवल्या. मार्चमध्ये ऊन तापले आणि माल जागा झाला. त्या दुपारी निकिताला बघायला पाहुणे आले होते. पोहे वाढले जात असताना जिन्याखाली पहिला बार झाला. एकूण नऊ झाले. मुलाचे वडील फौजेतून निवृत्त होते, ते सोफ्यामागे बसले. स्थळ मोडले. निकिता म्हणते, बरेच झाले. तरीही मी तिची इथे लेखी माफी मागतो. फुटलेल्यांतून वाचलेली एक बाटली काचेच्या कपाटात आहे. ती निकिताची. उघडू नये.

कलम ४. दुसऱ्या हिवाळ्यात मी कंबर कसली. प्रत्येक खोलीचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिले. माळ्याजवळची खोली निवडली. बादलीला चतुराबाईच्या आईने शिवलेली गोधडी गुंडाळली आणि समोर घरातला एकुलता एक हीटर लावला. बादली दुपारी एकोणतीसवर गेली, पहाटे तेरावर आली. मालाला नेलपॉलिशसारखा वास सुटला. मी हीटर एकदा पुढे, एकदा मागे सरकवत बसलो.

चतुराबाईचे गुडघे थंडीत आखडतात. तिने तीन वेळा हीटर मागितला. तिन्ही वेळा मी म्हणालो, “दोन दिवस थांब, आता बिघडलं तर सगळं जाईल.”

चौथ्यांदा तिने मागितला नाही. दारात उभी राहून म्हणाली, “अहो, बादलीला हीटर, बादलीला गोधडी. मीही जरा आंबते, म्हणजे माझ्याकडं बघाल.”

मी हसलो. ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी ती एसटीने सायखेड्याला, भावाकडे गेली.

पाच दिवस मी एकटा होतो. खरे लिहायचे तर पहिले दोन दिवस बादलीवर नीट लक्ष देता येईल, असेच वाटले होते. तिसऱ्या दिवशी हीटर लावून खोलीत बसलो आणि ती ऊब मला सहन होईना. हीटर बंद केला. तापमान उतरत गेले. पाचव्या दिवशी कुंदनची ओम्नी बोलावली. कुंदन शीतगृहात माझा सहकारी होता, पुढेही येईल. तो म्हणाला, “वहिनींना आणायला चाललो ना? मग बादली कशाला?” मी म्हणालो, मागे एकटी कशी ठेवू. त्याने गाडीचे दार उघडले. गोधडीत गुंडाळलेली बादली मी मांडीवर घेतली.

कलम ५. मेहुणा सुकदेव, राहणार सायखेडा, याने त्या दिवशी अंगणात, त्याची सून, दोन शेजारी आणि द्राक्षघडांच्या विरळणीला आलेले सहा मजूर यांच्यासमोर मला विचारले, “दाजी, बहिणीला न्यायला आले का बादली दाखवायला?” आणि पुढे म्हणाला, “ती हितं रातभर काकडत होती, पायाला तेल चोळून देत होतो आम्ही. अन् तुम्ही आमच्या आईची गोधडी बादलीला पांघरली. लय शिकलेले तुम्ही!” हे मी विसरलेलो नाही. खोटे बोलला असता तर कधीच विसरलो असतो.

सुकदेवला माझा काळा लोकरी कोट द्यावा. त्याचे अर्धे कापलेले निळे पिंप आमच्याकडे आहे, तेही बादली रिकामी झाल्यावर परत करावे. चार वर्षांत त्याने एकदाही मागितलेले नाही, हा त्याचा आणखी एक आगाऊपणा.

ते पिंप आमच्याकडे कसे आले, ते लिहितो. चतुराबाई अंगणात आली. माझ्याकडे पाहिले नाही. बादलीजवळ वाकली, गोधडी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बादलीला हात लावला.

“गार पडलंय,” ती म्हणाली. “पाण्यात का नाही ठेवलं?”

“पाण्यात?”

“थंडीत विरजण लावते तेव्हा भांडं कशात ठेवते मी? कोमट पाण्यात. शेगडीपुढं ठेवते का? हवा लगेच तापते, लगेच गार होते. पाणी धीर धरतं.”

पंचेचाळीस वर्षे मी तिच्या हातचे दही खाल्ले. भांडे कशात असते, ते कधी पाहिले नाही.

सुकदेवने गुरांना पाणी पाजायचे पिंप आणले. सुनेने बंबातले पाणी ओतले. चतुराबाईने कोपर बुडवून पाहिले आणि पुरे म्हणाली. बादली त्यात ठेवली. मी वायरचा थर्मामीटर बादलीच्या अंगाला लावला : सकाळी अठरा, दुपारी वीस, दुसऱ्या सकाळी पुन्हा अठरा. त्या दुपारी नळीतून बुडबुडा आला. मग दुसरा. सहाही मजूर कात्र्या घेऊन बघायला जमले. मी चतुराबाईला म्हणालो, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “कोणाचं? बादलीचं?” मी म्हणालो, “तुझं. म्हणजे तुझ्या बाबतीत. माझं.” तेव्हा ती हसली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. अट एक : हीटर तिच्या पायाशी. तो आजही तिथेच आहे आणि तो तिचा आहे, म्हणून मालमत्तेत धरलेला नाही.

त्या पिंपातला माल चांगला निघाला. युक्ती चतुराबाईची, हे सर्वांना कळावे. मी चार वर्षे लोकांना स्वतःची म्हणून सांगितली.

कलम ६. बादली, नळ्या, बुचे ठोकायचे यंत्र आणि तापमानाची वही हर्षलला. पूर्वी आमचे फोनवरचे बोलणे “बरंय ना?” आणि “हो” यांत संपायचे. चार हिवाळे झाले, तो रोज फोन करून तापमान विचारतो. आकडा सांगितला की इकडचे तिकडचे निघते. वहीत आकड्यांच्या शेजारी मी त्याचे बोलणेही लिहून ठेवले आहे. त्याची नोकरी गेली, हे त्याने मला एकोणीस डिग्रीला सांगितले. आईला अजून माहीत नाही. आता वकीलसाहेब हे वाचून दाखवतील, तेव्हा कळेल. दुसरी लागली आहे, काळजी नसावी.

कलम ७. प्लांटवरचे सर्व पाने-पकडी, दाब मोजायचे गेज आणि मालाच्या भरलेल्या बाटल्या कुंदनला. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. कुंदनला विचारले, सही करतोस की बाटल्या घेतोस? त्याने पेन खाली ठेवले.

कलम ८. बादली चालू असताना मी गेलो, तर घरच्यांनी रडावे, पण सकाळ-संध्याकाळ पिंपात कोमट पाणी घालावे. पहिले तीन दिवस माल स्वतःची ऊब स्वतः तयार करतो, तेव्हा पाणी बेताचे. सुतकात बादलीला हात लावावा का, हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी पंचांग चाळले. मग म्हणाले, “बादलीला सुतक नाही. पण ढवळू नका.” शास्त्राने आणि यीस्टने एकच गोष्ट सांगितल्याचा मला आनंद झाला.

कलम ९. हे सगळे चतुराबाईला वाचून दाखवले. नोकरीच्या जागी ती थांबली, हर्षलला फोन करून रागावली आणि परत येऊन बसली. शेवटी तिने विचारले, “आणि मीच आधी गेले तर?” हे मी धरलेच नव्हते. म्हणून लिहिले की, तसे झाल्यास माल कायमचा बंद करावा आणि बादली सुकदेवच्या गुरांना द्यावी. तिने विचारले, “मग दिवसभर काय करणार तुम्ही?” मी पेन पुन्हा हातात घेतले. सबब, बंद करण्याचे वाक्य खोडले आहे, खोडीवर माझी सही आहे आणि ती खोड मला मान्य आहे.

व्यवस्थापक म्हणून निकिताला नेमतो, कारण घरात तीच एक वेळेवर उठते.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, खोडले आणि पुन्हा वाचले. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : नाशिक
दिनांक : ९ डिसेंबर २०२५, पहाटेचे तापमान ९, बादलीत १८.५

(सही) वाल्मीक पुंजाराम कातकाडे

साक्षीदार :
१. (सही) वत्सलाबाई निवृत्ती बोराडे, शेजारी, निवृत्त शिक्षिका. शुद्धलेखन तपासले.
२. (सही) डॉ. मनोज खैरनार. प्रकृती ठीक. वासाबद्दल मत राखून ठेवतो.