पिठाच्या तहानेइतकं पाणी

आये, आज पडघ्याला एका गोडाऊनच्या कामावर एका इंजिनिअर मुलीने लोखंडी शंकूत ओलं काँक्रीट भरलं, शंकू उचलला आणि माल किती खाली बसला ते पट्टीने मोजलं. माल जास्तच बसला होता, म्हणजे पाणी जादा झालेलं, तशी तिने अख्खी गाडी परत पाठवली. ड्रायव्हर भांडला, सुपरवायझरने चार फोन लावले, पण ती जागची हलली नाही. मी गवंडीकामाची थापी घेऊन शेजारीच उभी होते. मला तू आठवलीस आणि राग आला, कुणाचा ते लगेच कळलं नाही. तिच्याकडे शंकू होता, वर हुद्दाही होता. तुझ्याकडे नुसतं डोकं होतं, आणि तेही लोकांनी घमेलं ठेवायला म्हणूनच धरलेलं. पण चुंबळीवर घमेलं बसलं की तुला सगळं कळायचं. माल नीट असला की घमेलं गप्प बसतं, पातळ झाला की डुचमळतं आणि कानामागून सिमेंटचं पाणी उतरतं, हे तू मला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून कोन गावाहून परत आले होते. "रडायचं त रड, पन सकाली डबा बांध नि कामाला चल," एवढंच म्हणालीस. भिवंडीत तेव्हा जिकडे तिकडे लूमचे गाळे उठत होते आणि स्लॅबच्या टोळीला उसंत नव्हती. माझी तब्येत खालावलेली, म्हणून तू मुकादमाला सांगून मला मिक्सरजवळ पाण्यावर लावलंस. एका घाण्याला किती डबे पाणी घालायचं ते ठरलेलं होतं. मोजून घालायचं आणि गप्प बसायचं, इतकं सोपं काम. दुपारी ऊन चढलं तसा वरचा माल पसरेना. तुळईतल्या सळयांमधून गजाने ठासून ठासून माणसं वैतागली. "अरे बहन, पानी छोड़, माल सख्त है!" वरून आरोळी आली. मी एक डबा जादा घातला. वरची माणसं खूश झाली. मग पुढच्या घाण्याला दुसरा जादा घातला. चार लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, याची मला त्या दिवसांत फार भूक होती.

आणि तू शिडीवरून भरलं घमेलं घेऊन परत खाली उतरलीस. गळ्यावरून राखाडी ओघळ, पदर भिजलेला. सगळ्यांसमोर तू ते घमेलं माझ्या पायाशी उपडं केलंस. "ह्यो माल न्हाय, पेज हाय," तू म्हणालीस. "पेज पिऊन मानूस उभा ऱ्हातो, घर न्हाय उभा ऱ्हात." मुकादम धावत आला. त्याने मला विचारलं, "किती डबे घातलेस?" मी म्हणाले, "तुम्ही सांगितले तेवढेच."

तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मुकादमाने माल नासवला म्हणून तुला सगळ्यांदेखत बोल लावले, वर उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. तू चुंबळ सोडली, पदर पिळला आणि निघून गेलीस. मी मात्र संध्याकाळपर्यंत मिक्सरजवळ बसून राहिले. भित्री होते मी, आये. दुसरा शब्द नाही.

घरी आले तेव्हा तू चुलीपुढे बसली होतीस. आता थप्पड बसणार, या तयारीनेच मी आत शिरले. तू तांदळाच्या पिठाची परात माझ्याकडे सरकवलीस. "मळ." मी घाईघाईने पाणी ओतलं. पीठ बोटांना मऊ लागलं, झरझर मळून झालं, पण भाकरी काही उचलेना, तव्यावर टाकेपर्यंत तीन तुकडे झाले. मग तू हात धुतलेस, थोडं थोडं पाणी घेत, तळव्याने रेटत रेटत पीठ मळलंस, तुझ्या कपाळावर घाम आला. तुझी भाकरी टम्म फुगली. "पानी पिठाच्या तानेइतका घालायचा," तू म्हणालीस, "आपल्या हाताला सोपा पडल इतका न्हाय." त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी एक अक्षर बोलली नाहीस. दुसऱ्या टोळीत काम मिळेपर्यंत तू खाली मान घालून घरी बसलीस, आणि ते मला थपडेपेक्षा जास्त लागलं.

थापी तू मला त्यानंतर आणून दिलीस. मला वाटलं, चेष्टा करतेस. बाईने घमेलं उचलायचं, थापी गड्याने धरायची, असाच रिवाज. "मी डोक्यानं माल व्हायला, तू हातानं शिक," तू म्हणालीस. टोळीतली माणसं हसली, एकाने तर विचारलं, भाकरी थापणार का हिच्याने? मी म्हटलं, तीही नीट यायला अक्कल लागते. वर्ष दीड वर्ष हसली, मग दबली. टेमघरच्या आपल्या खोलीवरचे पत्रे काढून स्लॅब घालायचं तुझ्या मनात होतं. तू गेलीस तेव्हा पत्रेच होते.

पुढे मी तो स्लॅब घातलाच. नव्वदची वर्षं निम्मी सरली होती. टोळी नारळ मागत होती. मी म्हटलं, आपल्यात नाही. मेणबत्ती लावली, बुद्धवंदना घेतली आणि पाण्याच्या पिंपापुढे ठाण मांडलं. दुपार झाली, वरून तीच आरोळी आली. "ताई, माल सरकत नाय!" "नसू दे सरकत," मी ओरडले, "ठासा!" कुरकुर वाढली तशी डबा शेजारणीच्या हातात दिला, मोजून घालायला बजावलं, आणि गज घेऊन स्वतः वर चढले. संध्याकाळी बोटं मिटत नव्हती. मग स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बांध घालून पाणी साठवलं. नळ यायचा कधीमधी, मी हंडे वाहायचे. शेजारी विचारायचे, "काय गं, वर भात लावलास का?" एकवीस दिवस मी तो स्लॅब सुकू दिला नाही.

स्लॅबखालचे टेकू काढायच्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढलं. सेंटरिंगवाल्याला म्हटलं, शेवटचा टेकू मी काढणार. ज्याने माल भरला त्याने खाली उभं राहायचं, मी लोकांना ऐटीत सांगितलं. आजही सगळे तीच गोष्ट सांगतात, बाई एकटी आत उभी राहिली आणि हातोडा मारला.

तुला वाचता येत नव्हतं. आज तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढची ओळ मी नक्की गाळली असती. हातोडा मारताना माझे डोळे गच्च मिटलेले होते, आणि टेकू पडल्यावरही कितीतरी वेळ मला ते उघडायचं धाडस झालं नाही.