टायरवरचे चार आकडे

प्रिय दिलीप,

काल तुझ्या पोरीने, रश्मीने, माझ्या गाडीची पुढची काच फोडली. चाकाचा पाना दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि घातला. एकदा नाही, तीनदा. पहिल्या घावाला काचेवर जाळं पडलं, दुसऱ्याला ते आत खचलं, तिसऱ्याला पाना थेट स्टिअरिंगवर आदळला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. अडवलं नाही. माझा ओठ आधीच फाटला होता, शर्टावर रक्त होतं, आणि चौथा घाव माझ्यावर पडणार असं समजून मी डोळे मिटून घेतले होते.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. या वर्षात मी तुझ्यावर तीन लेख लिहिले, लोकांनी फोन करून कौतुक केलं. तुला मात्र एक ओळ लिहिली नाही. कारण तुला लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं!

देऊळघाटच्या शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर होतास. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की खिडकीकडे न बघताच सांगायचास, "याचा एक नोझल मेला बे." मास्तर फळ्यावर लिहीत असायचे, तू इंजिन ऐकत असायचास. छड्या दोघांना पडायच्या, कारण हसायचो मी.

पुढे तू मलकापूरला हायवेला गॅरेज टाकलंस आणि मी पेपरात लागलो. दर शनिवारी गाड्यांवर सदर लिहायचो, आणि त्यातलं निम्मं तुझ्या गॅरेजातल्या स्टुलावर बसून सुचलेलं असायचं. तू साधी सेदान घ्यायचास, तिचा टर्बो बदलायचास, इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडायचास आणि महिन्याभरात तिच्यात दुप्पट घोडे भरायचास. याला तू 'गाडी उघडणं' म्हणायचास. गाडी उघडली की मी मोबाईलचं घड्याळ धरायचो. शून्यापासून शंभरच्या वेगापर्यंत किती सेकंद? तो आकडा मी गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर, आतल्या बाजूने, खडूने लिहायचो. लिहिलेलं कुणी पुसायचं नाही. सोळा वर्षांचे आकडे आहेत त्या दारावर. सगळे माझ्या अक्षरातले.

आपल्याकडे वेगवान गाडी म्हणजे आवाज. सायलेन्सर कापायचा, मागे पंख लावायचा, काचेवर आडनाव रंगवायचं आणि बसस्टँडसमोरून तीन वेळा जायचं. तुला या सगळ्याची चीड होती. मागून फटाके फुटल्यासारखा आवाज करून दे म्हणत आलेल्या एकाला तू म्हणालास, "फटाके पाह्यजे तर दुकानात जाय. हे गॅरेज व्हय." राजूर घाटात तू गाडी चालवायचास तेव्हा शेजारी बसलेल्याच्या हातातलं पाणी सांडायचं नाही. वेग म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. वेग म्हणजे घाई नव्हे.

मग टायरच्या बाबतीत तुझी अक्कल कुठे गेली होती रे?

किती वेळा भांडलो आपण! मी म्हणायचो, तू कितीही घोडे भर, गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या रबराने. तू म्हणायचास, "तू कागदावरचा ड्रायव्हर हायेस बे." आणि माझ्यासमोरच डिझेलमध्ये फडकं बुडवून टायर पुसायचास. काळेभोर, नवरीच्या केसांसारखे चमकले पाहिजेत! डिझेल रबर खातं, हे तुला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तुझा बाप एसटीच्या टायरला डिझेलच लावायचा, म्हणून तूही लावायचास. पिस्टनवर तू कुणाचं ऐकलं नाहीस आणि टायरवर बापाचं सोडलं नाहीस.

ते चार रुंद टायर तू कुठून तरी जुने आणलेस. पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यामागून उन्हाळे पडून राहिले, कारण त्यांच्या लायकीची गाडी व्हायची होती. मग झाली. ती पांढरी.

त्या सकाळी दुसरबीडजवळ नव्या महामार्गावर चढण्याआधी आपण थांबलो. चहा झाला. तू बॉनेटखाली वाकलेला होतास. मी सहज डाव्या चाकापाशी बसलो आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे कसं वाचायचं यावर मीच सदर लिहिलं होतं. टायर नऊ वर्षांचा होता. डिझेलच्या चमकेखाली केसाएवढ्या बारीक भेगा होत्या.

मी विचारलं, "टायर नवे टाकले काय बे?"

तू बॉनेट पाडत म्हणालास, "नवेच समज."

आणि मी समजलो. दिलीप, मी नवेच समजलो! दुपारी दोनला माझं पान छपाईला जायचं होतं. मथळा आधीच देऊन ठेवला होता, फक्त सेकंदांची जागा मोकळी होती. तीस वर्षं मी वेळेवर मजकूर दिलाय. त्या दिवशीही वेळेवर द्यायचा होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू आतून पाहिलंस. मी बाहेरून पाहिलं.

मी ठरलेल्या खांबापाशी उभा होतो. गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. शंभर तू कधीच ओलांडलं होतंस, तरी पाय काढला नाहीस. मग उंचावरून कापसाची गाठ पत्र्यावर पडावी तसा एक आवाज झाला. पुढचं डावं चाक गेलं. गाडी वळली नाही, फेकली गेली. कडेच्या लोखंडी कठड्यावर आपटली, कठडा चिंधीसारखा फाटला, आणि ती तीन वेळा उलटी-सुलटी झाली. दार उडून माझ्यापासून दहा पावलांवर पडलं. मी धावलो. टप सीटला येऊन टेकला होता. मी पत्रा हाताने उचकटायला लागलो, तळवे फाटले, तरी तो हलला नाही. खिडकीतून तुझा हात बाहेर होता. मनगटापर्यंत डिझेलचा वास येत होता.

घड्याळ माझ्या खिशात चालूच होतं. मी ते थांबवलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. हा आकडा मी कुणाला सांगितला नाही.

बातमीत मी 'दुर्दैवी अपघात' लिहिलं. तीस वर्षांत याहून खोटे दोन शब्द मी लिहिले नाहीत.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे आले होते. तिथेच जिनिंगवाल्यांचा बबलू, तोच, तुझं परदेशी गाडीवालं लाडकं गिऱ्हाईक, म्हणाला की वर्षदिनी महामार्गावर पहाटे दिलीपभाऊंच्या नावाने गाड्या काढू. पुढे रश्मीची गाडी. घड्याळ काकांच्या, म्हणजे माझ्या, हातात. रश्मीने मान हलवली, मीही हलवली. पोरीने वर्षभर काम केलं. पोलीस ठाण्याच्या आवारातून तुझं इंजिन काढून आणलं, तसलीच दुसरी गाडी मिळवली, त्यात बसवलं. तुझा कान तिला आलाय रे.

काल मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसून फडक्याने टायर पुसत होती. शेजारी डिझेलचा डबा.

"पाहा काका, पप्पाचेच टायर! मांगच्या दोघाईले काईच झालं नव्हतं. म्या पुढं लावले. पप्पा पुढं पाह्यजे ना."

मी वाकून कडेवरचे आकडे वाचले.

"रश्मी, हे काढ बाई."

"काऊन?"

"दहा वर्साचे झाले."

बबलू तिथेच होता, हसला. "काका, नक्षी पाहा ना. जराशी बी झिजली नाई."

"रबर झिजत नाई तवा वाळते बबलू. या चारातलाच एक फुटला होता."

"तुमाले काय मालूम?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. रश्मी माझ्याकडे बघत होती, हातात फडकं, आणि रविवारला चार दिवस होते.

"मले मालूम हाय," मी म्हणालो. "त्या दिवशी म्या वाचले होते आकडे."

"कवा?" रश्मी उठली. "गाडी पलटल्यावर?"

"निघायच्या आधी."

"अन् पप्पाले सांगतलं नाई?"

"नाई."

"काऊन?"

वर्षभर या प्रश्नाचं उत्तर मी घडवत होतो. तोंडातून आलं ते एवढंच, "पान थांबलं होतं."

बबलूने माझी कॉलर धरली आणि ठोसा मारला. मी ऑइलच्या डब्यांवर पडलो. त्याने उचलून दुसरा मारला. रश्मीने त्याला ढकललं, पण मला वाचवायला नव्हे. तिला वाट हवी होती. तिने भिंतीवरचा पाना काढला आणि बाहेर माझ्या गाडीकडे गेली.

काच फोडून झाल्यावर ती परत आत आली. टायरपाशी गुडघे टेकले, बोटाने चार आकडे चाचपले. व्हॉल्व्हची पिन काढली. हवा किंचाळत गेली. मग छिन्नी लावून हातोडा घातला. तुझा तो काळाभोर टायर वाळल्या चपलेसारखा तुकडे होऊन गळायला लागला, आतल्या तारा उघड्या पडल्या. ती घालतच राहिली. दुसराही फोडला. हाताला फोड येऊन फुटले तेव्हा थांबली. रडली नाही. मी रडलो.

सुनंदावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, एक वर्स लागलं तुमाले."

चहाला बोलावलं नाही. मीही थांबलो नाही.

आज सकाळी रश्मीचा फोन आला. "खडू घेऊन या."

गेलो. तिने दार आतून ओढून घेतलं. पांढऱ्या गाडीचं नाव तू स्वतः लिहून ठेवलं होतंस, पुढे सेकंदांची जागा मोकळी. तिने बोट ठेवलं. "इथं लिहा." मी टायरवरचे चार आकडे लिहिले. शेवटचा आकडा वाकडा आला. तिने तो पुसू दिला नाही.

बबलू आणि बाकीचे बाहेर जमले होते. ती त्यांना म्हणाली, "आपापले आकडे वाचा पयले. मंग रविवारचं बोला." बबलू पांढरी पँट घालून आला होता. आधी इकडे-तिकडे बघितलं, मग बसला गुडघ्यावर, मातीत. बराच वेळ उठला नाही.

"किती?" रश्मीने विचारलं.

"सात वर्स," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

रविवारी गाड्या निघणार नाहीत. तुझ्या इंजिनाची गाडी विटांवर उभी आहे, चाकांशिवाय. निघताना मी रश्मीला विचारलं, रविवारी येऊ का. ती म्हणाली, "या. घड्याळ आणू नका." माफ केलंय असं तिने म्हटलं नाही, मीही तसं समजत नाही. 'समजणं' मला एकदा फार महाग पडलंय.

या शनिवारच्या सदराचं पहिलं वाक्य लिहून झालंय: टायर जुना आहे हे मी वाचलं होतं आणि मी गप्प बसलो. संपादकांनी ते कापलं तर सदर बंद करीन. आणि दिलीप, यापुढे माझ्यासमोर जी गाडी निघेल तिच्या चारही चाकांपाशी मी बसेन आणि आकडे मोठ्याने वाचेन. मलकापूरचा अख्खा बाजार हसला तरी वाचेन. पान थांबलेलं असलं तरी वाचेन. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुझा,
कागदावरचा ड्रायव्हर,
वसंता