दारावरचा हात

१२ फेब्रुवारी १९९६, बारामती
सोपानची फियाट कळसहून ओढत आणली. तो गेल्यापासून ताडपत्रीखालीच होती. अंथुर्ण्याची सभा आटोपून एकटा परतताना हृदय बंद पडून स्टिअरिंगवरच गेला. गाडी कालव्याच्या चारीच्या कडेला जाऊन थांबली, साधा ओरखडा नाही. कौसल्यावहिनी आता ती विकणार; निमगाव केतकीचं गिऱ्हाईक रविवारी येतंय. म्हटलं, पॉलिश मी करतो. अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या सगळ्या सभा या गाडीने पाहिल्या. परक्याचा हात नको.
गॅरेजवाला यासीनभाई पॉलिशचं मशीन द्यायला तयार. "बापू, माईक न्हाय ह्यो. ह्याचं त्वांड खाली ठिवायचं."

१३ फेब्रु.
पहिला धडा टपावर. तिथे चुकलं तर दिसत नाही. लोकरीची गादी, तिच्यावर पॉलिशची पेस्ट, कंपाउंड. बटण दाबलं आणि मशीन हातातून पळालं. सदरा, चष्मा, यासीनभाईचा चहा, सगळीकडे कंपाउंड. आधी गादी पत्र्यावर टेकवायची, मग बटण. हे त्याने नंतर सांगितलं.
"आधी सांगितलं आसतं तर ऐकलं आसतं व्हय तुमी?"
दुपारी लाईट गेली. गाडीत बसून राहिलो. सीट अजून मागे सरकवलेलीच, सोपानच्या लांब पायांसाठी. त्याच्याशी मोठ्याने बोललो.

१४ फेब्रु.
मशीन आता ऐकतं. "एका जागी रेंगाळू नका. भाषणात एकच मुद्दा घोळता, तसं हितं केलं तर रंग जळंल."
बॉनेट निळंशार निघालं. त्यात माझा चेहरा, आणि खांद्यामागे उंच कुणीतरी. वळलो. दोरीवर टाकलेली ताडपत्री.
संध्याकाळी शाळेत व्याख्यान, विषय भूत-भानामती. टाळ्या भरपूर. परतताना गॅरेजचा रस्ता टाळला. का, ते…

१५ फेब्रु.
ड्रायव्हरच्या दारावर, हँडलखाली, पंजा उमटला. पाचही बोटं. पाण्याने पुसला, रॉकेलने पुसला. मशीन फिरवावं तसा तो जास्तच स्पष्ट.
यासीनभाईने नख फिरवून पाहिलं. "वरचा न्हाय. रंगवायच्या आधी कुणीतरी पत्र्याला हात लावलाय."
खुलासा पटला. पटला म्हणूनच झोप नाही. इंदापूरच्या शेडमध्ये रंग दिला तेव्हा सोपान रोज तिथे जायचा. त्याचाच हात.
"आणखी घासलं तर जाईल?"
"जाईल. न्हायतर पत्रा दिसंल."
त्यावर माझा तळवा ठेवला. पत्रा मशीनने गरम झालेला. माहीत असूनही दचकलो.

१६ फेब्रु.
त्या दाराला हात लावला नाही. बाकीची दारं उगाच पुन्हा घासली. वहिनींना निरोप धाडला, विकण्याआधी एकदा येऊन बघा.

१७ फेब्रु.
वहिनी एसटीने आल्या. मी म्हणालो, "सोपानचा हात आहे." त्यांनी पुढे होऊन स्वतःचा तळवा त्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. पंजा इतका लहान आहे हे मला दोन दिवस दिसलंच नव्हतं.
"हळदीचा हाय, भावजी. गाडी घेतली तवा हात उमटवायचा म्हणलं, तर तुमी दोघांनी मला जेवू दिलं न्हाय. बावीस प्रतिज्ञा, धम्म, समदं ऐकवलं. हात उमटवणार न्हाय, आसा शब्द घेतला. मग ह्यांचा डबा घिऊन मी इंदापूरला गेले. रंगारी जेवाय बसला तवा लावला. हळद तेलात कालवलेली. लगीच पदरानं पुसला, कुणाला दिसू नये म्हणून."
मी सुरुवात केली, "वहिनी, श्रद्धा आणि—"
"भाषण नको. शब्द मोडून हात लावला, म्हणून त्ये गेले का? येवढंच सांगा."
"नाही."
"मंग घासा की. थांबलाय कशाला?"
यासीनभाई नळाकडे निघून गेला.
वहिनी रात्री बहिणीकडे राहणार आहेत. जाताना म्हणाल्या, "त्यो हात गेला की झोप लागंल मला."

१८ फेब्रु., रविवार
वही बॉनेटवर ठेवून लिहितोय. दाराच्या कडांना टेप लावून झाली. गिऱ्हाईक यायचंय.
घासला तर त्या हातात काही होतं, असं मीच कबूल केल्यासारखं. ठेवला तर गाडी विकली तरी तो वहिनींच्या उशाशी. आणि सोपानचा नाही हे कळूनही मला तो पुसवत नाही. हे कुठल्या व्यासपीठावरून सांगू?
यासीनभाईने पिन लावली. "बापू, लाईट हाय तवर उरका."
वहिनी बाकावरून उठल्या. पदर खोचला. "द्या हिकडं. धरायचं कसं तेवढं दावा."
म्हटलं, आधी गादी पत्र्यावर टेकवा, मग बटण.
त्यांनी टेकवली. बोट बटणावर आहे. अजून दाबलेलं नाही.