पुढच्या दाराने

सोलोमन नदीकाठ, कॅन्सस
३ ऑगस्ट १८७९

प्रिय केझायाताई,

प्रभूत सलाम. मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे. तुझं पत्र जूनमध्येच मिळालं. उत्तराला उशीर झाला, पण त्याचं रडगाणं गात बसत नाही.

तू विचारतेस, साठी उलटल्यावर खोगिरावर कशाला बसतोस. अगं, एकोणीस वर्षं पलटणीच्या पुढे माग काढत फिरलो तेव्हाही खोगिरावरच होतो. तेव्हा घोडेचोरांच्या मागे जायचो, आता पाद्री म्हणून मेथडिस्ट पंथाच्या भाविकांच्या मागे. अकरा वस्त्या, चार आठवड्यांचा फेरा, दर ठिकाणी एक उपदेश आणि एक कोंबडी. खेचराचं नाव बिशप ठेवलं होतं. वरच्या मंडळींच्या कानावर गेलं, बदलावं लागलं. आता ते कुठल्याच नावाला ओ देत नाही.

जुनी एक खोड मात्र सुटली नव्हती. मी कुणाच्या दाराशी सरळ जायचो नाही. आधी टेकाडामागून घराला वळसा, जमिनीवरचे ठसे बघायचे, कोण आलं, कोण गेलं, आणि मग मागच्या बाजूने हाक. लोक वैतागायचे. सातव्या वस्तीवर थर्झा व्हॉस नावाची विधवा राहते. तिने तर पहिल्याच खेपेला माझ्या टोपीतून गोळी आरपार घातली. वर म्हणाली, "पाद्री आहात तर चोरासारखे कशाला येता?" टोपी तिनेच शिवून दिली. टाके चांगले आहेत.

एप्रिलमध्ये तिच्या घराला वळसा घातला तर चिखलात पुरुषाच्या बुटांचे ठसे. मोठाले, टाच झिजलेली, गोठ्यापासून थेट दारापर्यंत. मला काय त्याचं? काही नाही. तरी कॉफी न पिताच निघालो. मे महिन्यात पुन्हा तेच ठसे, ताजे. त्या रविवारी मी लपूनछपून वागणाऱ्या माणसांवर दोन तास उपदेश केला. शाळेच्या खोलीत लोक घामाघूम. थर्झा पहिल्या बाकावर, डोळे माझ्यावर.

नंतर तिने मला बाहेर तिच्या गाडीपाशी गाठलं. "आज कुणाला झोडपत होतात?"

"ज्याचं त्याने ओळखावं."

"मला नाही ओळखता आलं. सांगा."

सांगितलं बुटांचं. ती चाकाला धरून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. झगा जरा वर करून पाय दाखवले. नवऱ्याचे जुने बूट, आत लोकर कोंबलेली. "दोन वर्षं घालतेय. बाई एकटी राहते हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून."

ताई, ठसे मोठे, पण दोन पावलांमधलं अंतर आखूड होतं. ठसे उथळ, म्हणजे वजन हलकं होतं. आणि त्या अख्ख्या अंगणात बाईच्या पायाचा एकही ठसा नव्हता. ओसेज जमातीच्या ज्या म्हाताऱ्याने मला माग काढायला शिकवलं, त्याने मला खेचरावरून उतरवून खेचराला वर बसवलं असतं.

"एवढं चुकलात," ती म्हणाली, "म्हणजे नुसते ठसे बघत नव्हतात."

मी गुडघ्याबद्दल काहीतरी बोललो. मग लग्नाचं विचारूनच टाकलं. ती म्हणाली, "पुढच्या फेऱ्याला समोरून या. भर दिवसा, वाटेवरून, पुढच्या दाराशी. मागून आलात तर कॉफी मिळेल, उत्तर मिळायचं नाही."

सोपं वाटतं ना? जूनमध्ये टेकाडाशी पोचलो आणि खेचर आपणहून वळशाला लागलं. मी लगाम ओढला. आणि तिथे मला आपलं घर आठवलं.

तू दर पत्रात लिहितेस, आईला पोचवायलाही आला नाहीस. मी दर वेळी पावसापाण्याचं लिहितो. ताई, मी आलो होतो. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी. सवयीने ओढ्यामागून वळसा घातला. फाटकाशी गाड्यांच्या चाकोऱ्या, पंधरा-वीस तरी. त्यातली एक टेकडीवरच्या कबरस्थानाकडे जड गेलेली, हलकी परत आलेली. कळलं. तू पुढच्या दारात उभी होतीस, एप्रन डोळ्यांना लावून. शंभर पावलांचंही अंतर नव्हतं. तुझ्यासमोर काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मागच्या मागे निघून गेलो. सोळा वर्षं झाली. सबब काही नाही. भ्यालो.

म्हणून त्या दिवशी मी खाली उतरलो, खेचराला धरलं आणि उघड्या वाटेने चालत गेलो. पाठीला घाम. थर्झा दारात उभी, त्याच बुटांत. हातात बंदूक नव्हती.

"मे महिन्यातच हो म्हणणार होते," ती म्हणाली. "पण तुम्हाला चालता येतं का ते बघायचं होतं."

लग्न सप्टेंबरच्या दहा तारखेला. आमचे वरिष्ठ पाद्री लावतील. त्यानंतर चर्चच्या वार्षिक परिषदेत नेमणुकांची नावं वाचतील, पाठवतील तिकडे जाऊ. ती म्हणते, खोगीर तिच्याकडेही आहे. केक-बिक नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. मला आवडलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. दुपारी, फाटकातून. मी नको असेन तर दार लावून घे. उघडं ठेवलंस तर कुत्रा तेवढा बांध.

समोरून येणारा
तुझा भाऊ
एनॉक