मुदतवाढ होणारच

१० जून
काल मनमाडला साखरपुडा होता. पंगतीत मनोजचं पुन्हा तेच. मनोज माझा मावसभाऊ, राहतो मालेगावला, पण आवाज जळगावपर्यंत जातो. त्याचा सनी ब्रिटिश बोर्डात आहे, सनीला पाठांतर करावं लागत नाही, सनी विचार करतो. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाला, "वाल्मीक, तू आपला गाईडच विकत बस." चाळीस माणसं ऐकत होती. मी वाटीतली बासुंदी संपवली आणि शांतपणे सांगितलं की आमची हर्षालीसुद्धा यंदा दहावी ब्रिटिश बोर्डातूनच देणार आहे. दोन वर्षांचा कोर्स, एका वर्षात.

ही बातमी मलाही तेव्हाच कळली. मोठे निर्णय असेच होत असतात.

परतताना हर्षालीने विचारलं, "पप्पा, मला कधी विचारलंत?" सरप्राइज होतं म्हणालो.

१४ जून
शाळेतून दाखला काढला. मुख्याध्यापिका तृप्ती मॅडम म्हणाल्या, "नववीला एक्क्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलीचा दाखला का काढताय?" मी सांगितलं, मॅडम, शालिमारला पंचवीस वर्षं माझा बुक डेपो आहे. परीक्षा म्हणजे काय ते मला सांगू नका.

रिक्षात हर्षाली सीबीएस स्टँड येईपर्यंत बाहेर बघत होती. डोळ्यांत पाणी होतं. त्या रस्त्याला धूळ फार.

दाखला निळ्या फाइलमध्ये ठेवला. संकल्प: कागदपत्रं एका जागी.

२० जून
दोन इंटरनॅशनल शाळा पाहिल्या. दोघांचं एकच, नववीपासून सुरू करा, दोन वर्षं लागतील. म्हणजे त्यांना आत्मविश्वास नाही. हर्षाली घरून अभ्यास करील आणि मे महिन्यात प्रायव्हेट कॅन्डिडेट म्हणून बसेल. युनिफॉर्म, रिक्षा, गॅदरिंग, सगळा वेळ वाचला.

२ जुलै
सिलॅबसची प्रिंट काढली. धक्का बसला. ठरवून दिलेलं पाठ्यपुस्तक नाही! गाईड तर नाहीच. ज्या परीक्षेला गाईड नाही ती परीक्षा इतकी वर्षं टिकली कशी?

मग लक्षात आलं की हीच संधी आहे. अपेक्षित प्रश्नसंच मीच काढणार. पद्धत धंद्यातली, सिद्ध झालेली: दहा वर्षांचे पेपर घ्या, कोणता प्रश्न किती वेळा आला ते मोजा, जास्त आलेले पाठ करा.

२१ जुलै
मोजणी पूर्ण. एकही प्रश्न दुसऱ्यांदा आलेला नाही. विसराळू लोक दिसतात. वर प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "तुला काय वाटतं आणि का?" हे शेपूट.

हर्षाली म्हणाली, "पप्पा, यात स्वतःचं मत लिहायचं असतं." ठीक आहे. दुकानात बसून चौदा मतं तयार केली. प्रदूषण, मोबाइल, खेळाचं महत्त्व, इत्यादी. रविवारपर्यंत पाठ हवीत. ती म्हणाली, "ही तर तुमची मतं आहेत." बापाची मतं मुलीला नाही चालणार तर कोणाला चालणार?

१८ ऑगस्ट
हर्षालीसाठी लावलेल्या ऑनलाइन ट्यूटरने चाचणी घेतली. शंभरात एकतीस. शेरा: उत्तरं पाठ केल्यासारखी वाटतात. म्हणजे पाठांतर झालंय हे तरी त्याने मान्य केलं.

हर्षाली जेवली नाही. बायको, आशा, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, पोर वाळत चाललीये. तिचं वर्ष म्हणजे तुमच्या गाईडची आवृत्ती नाही, चुकली तर पुढच्या साली सुधारून काढायला."

हसण्यावारी नेलं. पण भीती वाटली, इथे लिहायला हरकत नाही. हर्षालीच्या वर्गातल्या सगळ्या मुली पुढच्या जूनमध्ये अकरावी सायन्सला जातील. ही मागे राहिली तर? राहणार नाही. वेळापत्रक बदलतो.

१२ सप्टेंबर
घरी नवीनच प्रकार. आमच्या स्वयंपाकाच्या झुंबरबाई दहावीला बसणार! वय अडतीस. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. म्हणाल्या, "शेठ, अंगणवाडीत मदतनीस व्हायचं तर धावी लागती म्हणत्यात. ताई शिकवायला तयार हाय." ताई म्हणजे हर्षाली.

सतरा नंबरवाले दुकानात येतात, मला माहीत आहेत. शाळा सुटलेले, राहिलेले, उरलेसुरले. तरी परवानगी दिली. शिकवल्याने हर्षालीचं इंग्रजी सुधारेल. (मराठी बोर्डाचं शिकवून इंग्रजी कसं सुधारेल ते आशाने विचारलं. प्रत्येक गोष्टीला खोड काढायची सवय.)

दहावीच्या पाठ्यपुस्तकांचे संच दुकानातून फुकट दिले. हर्षालीने दोन मागितले. एक फाटला तर.

१६ सप्टेंबर
झुंबरबाईंचा फॉर्म हर्षालीने दुकानाच्या कॉम्प्युटरवर भरला, पहिल्याच दिवशी. आशाही मुद्दाम आली होती. बराच वेळ चाललं, प्रिंटरही बराच वाजला. मी हसलो. पहिल्या दिवशी फॉर्म भरतो तो घाबरट. आधी नियमित तारीख, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब, मग मुदतवाढ. पंचवीस वर्षांत शेवटची म्हणून आलेली एकही तारीख मी शेवटची ठरलेली पाहिली नाही.

७ नोव्हेंबर
मुंबईचं एक परीक्षा केंद्र बाहेरच्या मुलांना बसवतं. नोंदणीची शेवटची तारीख २० जानेवारी. भरपूर वेळ आहे. चौकशीच्या फॉर्मवर ई-मेल हर्षालीचा दिला, माझा पासवर्ड हरवलाय.

निळ्या फाइलमध्ये दाखला दिसला नाही. दुकानात असेल. संकल्प: फाइल लावणे.

२५ डिसेंबर
मनोजचा फोन. "काय मग, झाली का नोंदणी?" चालू आहे म्हणालो. चालू आहे हे खरंच आहे, तारीख चालूच आहे.

९ जानेवारी
हर्षाली: "पप्पा, फॉर्म?" संक्रांत होऊ दे म्हणालो. मधल्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी असते, शेवटी शेवटी मोकळा होतो. अनुभव आहे.

१९ जानेवारी
दुकानात अपेक्षित प्रश्नसंचांचा सीझन. पाय ठेवायला जागा नाही. आशा दुपारचा डबा द्यायला स्वतः आली आणि कानात म्हणाली, "उद्या शेवटची तारीख." आवर्जून सांगायची गरज नव्हती.

२० जानेवारी
गर्दी. बसलो तेव्हा फॉर्म पासपोर्ट नंबर मागत होता. तो घरी. उद्या. तसंही मुदतवाढ होणारच.

२१ जानेवारी, सकाळी ९.१०
वेबसाइट उघडली. नोंदणी बंद.

९.४०
पुन्हा उघडली. अजून बंद. मुदतवाढीचं पत्रक साधारण दुपारी निघतं.

संध्याकाळी ६
निघालं नाही.

२३ जानेवारी
फोन लावला. बाई फार गोड बोलल्या. विलंब शुल्क भरतो म्हटलं. नाही सर. अतिविलंब? असं काही नसतं सर. मुदतवाढ कधी होईल? "सर, तारीख म्हणजे तारीख."  समोर गिऱ्हाईक भूमितीचं गाईड मागत होतं, मी त्याला भूगोलाचं दिलं.

२७ जानेवारी
कॅटलॉग आणायला जातो सांगून मुंबईला गेलो. वॉचमनने आत सोडलं नाही. दोन तास गेटवर उभा होतो. मुलीचं वर्ष आहे हो, असं त्याला सांगताना माझाच आवाज मला ओळखू येईना. तो म्हणाला, "साहेब, मी काय करू?" बरोबरच आहे.

पंचवटी एक्सप्रेसने परत. हर्षालीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "झालं का काम, पप्पा?" झालं म्हणालो.

२८ जानेवारी
आज सांगणार होतो. पण ती अभ्यासाला बसली होती. मनोबल खचवणं योग्य नाही. रविवारी सांगतो.

२ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे आले.

९ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे आले नाहीत. तरी जमलं नाही. ती माझी चौदा मतं म्हणून दाखवत होती, एकही शब्द न चुकता. ऐकवेना. बाहेर जाऊन स्कूटर पुसली.

२१ फेब्रुवारी
झुंबरबाईंचा पहिला पेपर, मराठी. केंद्र पंचवटीत. सकाळी दारातच म्हणाल्या, "शेठ, लय भ्या वाटतंय, ताई संगं आली तर बरं व्हईल." हर्षालीला जाऊ दिलं. परीक्षेचं वातावरण कळेल. तिने स्वतःचं पॅड, दोन पेनं, पाण्याची बाटली घेतली. आशाने दोघींच्या हातावर दही दिलं. हर्षालीला कशाला, ते कळलं नाही. असू दे, दही थंड असतं.

१ मार्च
इंग्रजीचा पेपर. हर्षाली पुन्हा सोबत. घरी आल्यावर दोघी प्रश्नपत्रिका घेऊन बसतात, उत्तरं ताडून पाहतात. इतकी तळमळ स्वतःच्या परीक्षेसाठी असती तर.

स्वतःच्या परीक्षेसाठी. हे मी काय लिहितोय.

१७ मार्च
झुंबरबाईंचे पेपर संपले. हर्षाली दुपारी दोन वाजता झोपली ती संध्याकाळी सातला उठली. सोबत करण्याचाही थकवा येतो.

६ एप्रिल
विशेष म्हणजे हर्षाली हॉल तिकिटाबद्दल एकदाही विचारत नाही. सेंटर कुठलं, पेपर किती तारखेला, काही नाही. जानेवारीत सारखं विचारायची. आत्मविश्वास असावा. मला मात्र रोज सकाळी ती चहा घेऊन आली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो, आज विचारेल म्हणून. विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल
पुढच्या आठवड्यात पेपर सुरू. योजना: ब्रिटिश बोर्डाची परीक्षा नोव्हेंबरातही असते. परीक्षा पुढे ढकलली असं घरी सांगायचं आणि नोव्हेंबरचा फॉर्म पहिल्या दिवशी भरायचा. अकरावीचं वर्ष जाईल. पण वर्ष म्हणजे काय, बारा महिने.

२ मे
जेवताना सांगितलं. मुंबईहून फोन होता, परीक्षा नोव्हेंबरवर ढकलली, तांत्रिक कारण. हर्षाली ताटाकडे बघून म्हणाली, "बरं." आशा आमटी वाढत होती. पळी हवेतच थांबली. मग तिने मला आणखी आमटी वाढली, मी नको म्हणत असताना.

इतकं सहज पटेल असं वाटलं नव्हतं. रडेल, भांडेल, फोन नंबर मागेल अशी सगळी तयारी केली होती. काहीच झालं नाही. आज स्वतःची लाज वाटली. स्पष्टच लिहितो, कोण वाचतंय.

१३ मे, दुपारी ३
आज आपल्या बोर्डाचा दहावीचा निकाल. दुकानात पोरांची झुंबड, कॉम्प्युटरवर निकाल बघून देत होतो. तेवढ्यात झुंबरबाई पेढे घेऊन आल्या. "शेठ, बावन्न टक्के! पास झाले!" पाया पडायला लागल्या, मी मागे सरलो. मग म्हणाल्या, "आन् ताईला अठ्ठ्याऐंशी! तुमी फोन नाय पाह्यला?"

कोणत्या ताईला, विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेढ्यांच्या बॉक्सकडे. "मी काय बोल्लेच नाय," म्हणाल्या आणि गेल्या.

शटर अर्धं ओढून घरी.

१३ मे, दुपारी ४.३०
टेबलावर निकालाची प्रिंट. हर्षालीचं नाव, माझं नाव, आईचं नाव. सतरा नंबरच्या फॉर्मने. हरवलेल्या दाखल्याची झेरॉक्स बाजूलाच. सप्टेंबरात माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच शाईने दोन फॉर्म भरले होते. माझी मुलगी सतरा नंबरवाली.

आशाला विचारलं, माझ्यावर विश्वास नव्हता का? म्हणाली, "होता की. तुम्ही रेशन कार्डाचा फॉर्म कसा भरलात, गॅसचा कसा भरलात, सगळ्यावरून पक्का विश्वास होता."

ओरडायचं ठरवलं. मला अंधारात ठेवलं, वगैरे. वाक्य तयार होतं. तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "पप्पा, एकवीस जानेवारीला केंद्राचा मेल मलाच आला होता. नोंदणी झाली नाही म्हणून."

एकवीस जानेवारी. म्हणजे मी मुंबईहून आलो आणि तिने पाणी दिलं तेव्हा तिला माहीत होतं. ती चौदा मतं म्हणून दाखवत होती, तेव्हाही. मी विचारलं, मग फेब्रुवारीभर त्या मतांची उजळणी कशाला केलीस? स्वतःचे पेपर डोक्यावर असताना?

म्हणाली, "तुम्ही रोज संध्याकाळी समोर येऊन बसायचात, मधेच उठून स्कूटर पुसायचात. आणि मला वाटायचं, आज सांगतील. आज नाही तर रविवारी सांगतील."

किती रविवार झाले ते मी मोजले नाहीत. तिने मोजले होते. पंधरा.

१४ मे
मनोजचा फोन आला. सांगितलं, हर्षालीला आपल्या बोर्डात अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले, बाहेरून बसून. ब्रिटिश बोर्डाचं काय, विचारलं त्याने. मी फॉर्म भरायला विसरलो म्हणालो. त्याने पलीकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "सनी नोव्हेंबरच्या परीक्षेत नापास झालाय रे दोन विषयांत. कोणाला बोलू नको." नाही बोलणार.

२६ मे
अकरावीचे ऑनलाइन फॉर्म आज सुरू झाले. हर्षालीने आजच भरला, आशा शेजारी बसली होती. मी दारात उभा राहून विचारलं, शेवटची तारीख कधी आहे?

दोघींनीही सांगितली नाही.