सात नंबरचा बिल्ला

३ तारीख
पोचलो एकदाचा. चार तास नुसतं जंगल, मग हे तळं. बारा होड्या, शेडवर माझी खोली, खिडकीत पाणीच पाणी. मी जाम खूश आहे. गार्डमामांनी काम समजावलं: पाण्यात जाणाऱ्याने होडीच्या नंबरचा बिल्ला बाहेरच्या फळ्यावर अडकवायचा आणि परतल्यावर स्वतःच्याच हाताने काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी बिल्ला लटकलेला दिसला की मामा तळ्यात शोधायला निघतात.

७ तारीख
लोकांना अक्कल नाही. होडी लावतात आणि बिल्ला विसरून चहाला पळतात. मग मामा तास तास तळं पालथं घालणार आणि बोलणी मी खाणार. रोजचंच झालंय.

९ तारीख
वैतागून आज बिल्ले मीच काढले. होडी जागेवर, की बिल्ला खाली. सात नंबरही धक्क्याला लागलेली होती, तिचाही काढला. कटकट मिटली.

१० तारीख
सात नंबर नेणारे म्हातारे मास्तर परतलेच नाहीत. होडी रिकामीच वाहत आली असणार. बिल्ला कुणी काढला, असं मामांनी विचारलं. मी म्हणालो, मास्तरांनीच. त्यामुळे मामा तळं सोडून पायवाटा धुंडाळताहेत. खरं बोललो तर ही तिसरी नोकरीही जाईल. बायको तोंड बघणार नाही माझं.

११ तारीख
सातचा बिल्ला परत फळ्यावर. ओला. मामांचाच उद्योग, मला बोलतं करायला. चीड आली. खणात कोंबून कुलूप लावलं.
दुपारी पुन्हा फळ्यावर. कुलूप तसंच.

१२ तारीख
चार वेळा काढला. वीट आला. मामा पहाटेच डोंगरापलीकडे गेलेत, उद्या संध्याकाळी परततील, म्हणजे ते नव्हेत — मग कोण? फळ्याखाली ओली पावलं. धक्क्यावरून आलेली. परत जाणारं एकही नाही.

१३ तारीख
सातचा बिल्ला आजही फळ्यावर. सहन होत नाही. मास्तर कुठे अडकले असतील तर — मीच जातो. माझा तीन नंबर अडकवलाय. वही आणि शेडमधली दुर्बीण सोबत.

दुपार. तळ्याचा मध्य. वल्हं हातातून ओढलं गेलं. खालून. दुसरंही —
हरकत नाही. बिल्ला आहे. मामा संध्याकाळी फळा बघतील, येतील.

दुर्बिणीतून शेड दिसतेय. फळ्यासमोर कुणीतरी. मामा लवकर — नाही. कपडे निथळताहेत.
मास्तर.
सात नंबर काढला. स्वतःच्या हाताने.
आता तीनला हात —
मास्तर, तो राहू द्या, मी अजून पाण्यात —